दोन हजारांतला एक

समुद्राच्या वरच्या थरातलं एक किलो पाणी घेतलं, तर त्यात विरघळलेला असेंद्रिय कार्बन (म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि त्याचे बायकार्बोनेट-कार्बोनेट) साधारण 2000 मायक्रोमोल भरतो. माणसानं जाळलेल्या कोळशा-तेलामुळे त्यात दरवर्षी पडणारी भर साधारण 1 मायक्रोमोलची. वजनात सांगायचं, तर 24 मिलिग्रॅम कार्बनमध्ये वर्षाला 12 मायक्रोग्रॅम. दोन हजारांच्या गल्ल्यात वर्षाकाठी एक रुपया वाढतोय, आणि यंत्र कितीही चांगलं, हात कितीही बसलेला असला तरी मोजताना एक-दोन रुपये इकडेतिकडे होतातच. तो रुपया खरंच वाढला की आपलाच हात हलला, हे ठरवण्यात आमची, समुद्रातला कार्बन मोजणाऱ्यांची, सगळी हयात जाते.

‘माणसाच्या उत्सर्जनातला पाव हिस्सा समुद्र शोषून घेतो’ हे वाक्य हल्ली वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतही सर्रास येतं. वाक्य खरं आहे. पण ते वाचलं की मला रबरबँड लावलेल्या काचेच्या बाटल्यांचे क्रेट आठवतात, आणि पहाटे अडीचला डोळे चोळत त्या भरणारी पोरं. त्या वाक्यातला ‘पाव’ कुठून आला, हे सहसा कुणी विचारत नाही. मला ते सांगायला आवडतं, कारण माझ्या नोकरीची बरीच वर्षं त्याच्यात गेली.

मी देवगडकडची. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून गोव्याला आले, दोनापावलाच्या चढावरच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत रुळले आणि मग जहाजांवर जाऊ लागले. समुद्रावर काम म्हणजे मासळीचंच, अशी आमच्याकडे सगळ्यांची ठाम समजूत. आत्येनं पहिल्याच खेपेला विचारलं होतं, “सुरमई मिळते का गं तिकडे?” मिळते, पण मेसमधला कुक तिचं जे करतो ते आत्येला सांगण्यासारखं नाही. असो.

काम चालतं ‘स्टेशन’वर. स्टेशन म्हणजे नकाशावर ठरवलेला एक अक्षांश आणि एक रेखांश. प्रत्यक्षात तिथे चारी दिशांना पाणीच. जहाज तिथे येऊन थांबतं, केबल गुंडाळणाऱ्या विंचवरून रोझेट खाली सोडतात. धातूच्या चौकटीत गोलाकार लावलेल्या चोवीस निस्किन बाटल्या, प्रत्येकी दहा लिटरच्या, दोन्ही तोंडं उघडी. खाली जाताना पाणी आरपार वाहत राहतं आणि चौकटीतली उपकरणं तापमान, क्षारता, दाब, ऑक्सिजन यांचे आलेख वर पडद्यावर काढत जातात. परत येताना ठरलेल्या खोलीवर थांबून लॅबमधून बटण दाबलं, की एकेका बाटलीची झाकणं फटकन मिटतात. तीन-चार हजार मीटरच्या एका कास्टला, म्हणजे एका खाली-वर फेरीला, दोन-तीन तास लागतात. मग ओली रोझेट डेकवर टेकते आणि तिच्याभोवती रांग लागते.

रांगेला क्रम असतो आणि तो कडक पाळतात. हवा लागली की ज्याचं सर्वात लवकर बिघडतं, त्याचा नंबर पहिला. क्लोरोफ्लुरोकार्बन मोजणारे असले तर ते आधी, मग ऑक्सिजन, मग आम्ही कार्बनवाले, आमच्यामागे पोषकद्रव्यं, आणि सगळ्यात शेवटी क्षारतेवाले. त्यांचं मीठ कुठे उडून जात नाही. हातात यादी घेऊन एक जण उभा असतो, त्याच्या परवानगीशिवाय कुणी नळीला हात लावत नाही. या पाच-सहा माणसांच्या रांगेत मी जितके रुसवेफुगवे पाहिले आहेत तितके लग्नघरातही पाहिले नाहीत.

आता बाटली भरणं. हे मी सावकाश सांगणार आहे, कारण माझ्या मते सगळं शास्त्र याच जागी तरतं किंवा बुडतं. अर्ध्या लिटरची जाड बोरोसिलिकेट काचेची बाटली. निस्किनच्या नळाला सिलिकॉनची मऊ नळी जोडायची, ती बोटांनी चिमटत, टिचक्या मारत तिच्यातला शेवटचा बुडबुडा घालवायचा. बाटली विसळायची. मग नळी थेट तळाला टेकवून पाणी सोडायचं, हळू, खळखळ न करता. बाटली भरली तरी थांबायचं नाही. निदान आणखी एका बाटलीभर पाणी वरून वाहून जाऊ द्यायचं, म्हणजे हवेला शिवलेलं पहिलं पाणी निघून जातं. नळी चिमटूनच वर काढायची. काचेचं बूच बसवण्याआधी पिपेटनं थोडंसं पाणी काढून घ्यायचं, बाटलीच्या शंभराव्या हिश्शाएवढं, कारण पुढे बाटली गरम झाली तर पाणी फुगतं आणि बूच उडतं. मग मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणाचे थेंब. जालीम विष. ते घालायचं, कारण बाटलीत नुसतं पाणी नसतं, त्यात जीव असतात, आणि बंद बाटलीतही ते खात-पीत, श्वास घेत राहतात. दोन दिवसांत कार्बनचा आकडा त्यांच्या मर्जीनं सरकतो. शेवटी ग्रीस लावलेलं बूच पिळून बसवायचं, ग्रीस एकसारखं पसरून काच पारदर्शक दिसेपर्यंत, आणि वरून रबरबँडचा पट्टा.

हे एकदा करणं सोपं आहे. एका स्टेशनला चोवीस वेळा, हातमोजे ओले, पायाखाली डेक डुलतोय, आणि पुढचं स्टेशन चार तासांवर, असं आठवडेच्या आठवडे करायचं असतं. डेकवर मालवणकडचा एक खलाशी होता, वयानं वडिलांएवढा. बरेच दिवस तो माझ्याकडे बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, “मॅडम, पाण्याक इतक्या कित्याक जपतास?” मी त्याला गल्ल्यातल्या रुपयाचा हिशेब सांगितला. त्यानंतर नवा कुणी पोरगा नळी वर धरून खळाळून पाणी सोडायला लागला, की माझ्याआधी हाच ओरडायचा.

जहाजावरच्या प्रयोगशाळेत एक वस्तू नसते म्हटलं तरी चालेल, ती म्हणजे अचूक वजनकाटा. हलत्या जहाजावर तो चालतच नाही, प्रत्येक लाटेसरशी पदार्थाचं वजन बदलतं. म्हणून रसायनं किनाऱ्यावरच तोलून, पुड्या बांधून, कुप्या सील करून आणतात, आणि जहाजावर सगळं मोजमाप आकारमानानं करतात. तेही तापमानासकट, कारण काचेची पिपेटसुद्धा गरमीनं फुगते. उत्तर मात्र किलोच्या हिशेबातच लिहायचं. लिटर खोलीनुसार आणि तापमानानुसार बदलतं, किलो बदलत नाही.

कार्बन मोजायच्या यंत्राला कूलोमीटर म्हणतात. मोजून घेतलेल्या पाण्यात फॉस्फोरिक आम्ल घालायचं, की त्यातला सगळा बायकार्बोनेट आणि कार्बोनेट मोडून कार्बन डायऑक्साइड होतो. नायट्रोजनचे बुडबुडे तो वायू वाहून नेतात आणि एका गडद निळ्या द्रावणात सोडतात. वायू शिरला की निळा रंग फिका पडतो. यंत्र लगेच वीज सोडून रंग पूर्वपदावर आणतं, आणि त्यासाठी किती वीजभार खर्ची पडला ते मोजतं. त्यावरून रेणूंचा हिशेब लागतो, फॅरडेच्या नियमानं. एका नमुन्याला दहा-पंधरा मिनिटं. मला हे यंत्र फार आवडतं. लहरी आहे, सकाळी तापायला वेळ घेतं, द्रावण जुनं झालं की चिडचिडं होतं. पण निळा रंग उतरताना आणि परत चढताना बघत बसलं की बोट लागलेली माणसंसुद्धा पोटातली ढवळाढवळ विसरतात.

पाण्याचा पीएच रंगावर मोजतात. जांभळट रंगद्रव्य घालायचं आणि दोन तरंगलांबींच्या प्रकाशात किती प्रकाश अडला त्याचं गुणोत्तर काढायचं. तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत आकडा मिळतो. पुढे लक्षात आलं, की बाजारात मिळणाऱ्या त्या रंगद्रव्यातच भेसळ असते आणि कंपनीगणिक ती वेगळी असते, मग शुद्ध केलेलं रंगद्रव्य वापरायची पद्धत पडली. चालत्या जहाजाखालचं पाणी सतत आत ओढून, एका भांड्यात फवारून, त्याच्याशी समतोल झालेल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड इन्फ्रारेडनं मोजणारं यंत्रही असतं. त्याच्याशी ताडून बघायची बाहेरची हवा जहाजाच्या अगदी नाकाडावरून घेतात, कारण मागे धुराडं आहे. वारा मागून यायला लागला की तेवढ्या वेळाची नोंद फुली मारून बाजूला काढायची. आणि आपणही लहानसं धुराडंच की. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्षात 420 हून जास्त भाग, आपल्या उच्छ्वासात 40,000. उघड्या नमुन्यावर वाकून गप्पा मारणाऱ्याला लॅबबाहेर काढण्यात येतं, मग तो कितीही ज्येष्ठ असो. पाण्याचं तापमान एक अंशानं बदललं, तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब सुमारे 4 टक्क्यांनी बदलतो. म्हणून समुद्रातलं पाणी पाइपातून लॅबपर्यंत येताना किती तापलं, याचाही हिशेब ठेवायचा.

एवढं सगळं करून मिळालेला आकडा बरोबर आहे हे कशावरून? आमच्या धंद्यात हा प्रश्न फार उशिरा नीट सुटला. 1980 च्या दशकापर्यंत दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी जुळायचे नाहीत, आणि न जुळण्यातलं अंतर कित्येक वर्षांच्या वाढीहून मोठं असायचं. म्हणजे दोन जहाजांनी दहा वर्षांच्या अंतरानं एकाच जागी मोजलं, तरी फरक समुद्रातला की प्रयोगशाळांमधला, हे सांगता यायचं नाही. 1990 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत अँड्र्यू डिक्सन यांनी यावर तोडगा काढला. समुद्राचं पाणी घ्यायचं, गाळायचं, निर्जंतुक करायचं, विष घालून बाटल्यांत सीलबंद करायचं, त्यातला कार्बन अत्यंत काटेकोर पद्धतीनं मोजायचा आणि बॅच नंबर टाकून त्या बाटल्या जगभर पाठवायच्या. ते मोजायला मॅनोमीटरची, म्हणजे वायूचा दाब मोजायची, पद्धत होती चार्ल्स कीलिंग यांच्या प्रयोगशाळेची. 1958 पासून हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजत आले तेच हे कीलिंग.

त्या दिवसापासून कुठल्याही महासागरावर, कुठल्याही झेंड्याखाली कार्बन मोजणारा माणूस आपल्या नमुन्यांच्या मधेमधे डिक्सन यांची एक बाटली मोजतो. आकडा जुळला तर पुढे जायचं, नाही जुळला तर यंत्र उघडायचं. मला ही व्यवस्था विलक्षण वाटते आणि थोडी धास्तीही वाटते. सगळ्या जगाचा हिशेब एका प्रयोगशाळेतल्या पाण्याशी ताडून पाहिला जातो. कोरोनाच्या काळात तिथलं काम थांबलं तेव्हा जगभर टंचाई झाली, लोक उरलेल्या बाटल्या पुरवून पुरवून वापरू लागले. हवामान परिषदांमध्ये अब्जावधींच्या गोष्टी होतात, आणि त्यांचा पाया काही काळ खोक्यांतल्या उरलेल्या बाटल्यांवर तगून होता. याची बातमी कुठे पहिल्या पानावर आली नाही.

या मोजणीची सुरुवात पाहायची, तर 1872 साली पोर्टस्मथहून निघालेल्या चॅलेंजर जहाजापर्यंत मागे जावं लागतं. त्याच्यावर जॉन बुकॅनन नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता, आणि तो जहाजावरच पाणी उकळून त्यातलं ‘कार्बोनिक ॲसिड’ (तेव्हाचं कार्बन डायऑक्साइडचं नाव) मोजायचा प्रयत्न करत होता. खोल समुद्रातला आदिम जीवनरस म्हणून गाजलेला ‘बॅथिबियस’ हा जीवबीव काही नाही, पाण्याच्या नमुन्यात अल्कोहोल ओतल्यावर खाली बसणारं कॅल्शियम सल्फेट आहे, हे लक्षात आणून देणाराही हाच. जहाजावर एक चांगला रसायनशास्त्रज्ञ असावा तो यासाठी. त्या सफरीतले 77 नमुने पुढे विल्यम डिटमार यांनी तपासले आणि दाखवून दिलं, की समुद्र कुठलाही असो, त्यातल्या मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण ठरलेलं असतं. एक मोजला की बाकीचे कळले. कार्बन मात्र या शिस्तीत बसत नाही. तो हवेशी देवाणघेवाण करतो, शेवाळात शिरतो, शंखशिंपल्यात जातो, खाली बुडतो, कुजून परत विरघळतो. म्हणून तो जागेवर जाऊनच मोजावा लागतो.

आणि तो एक रुपया इतका लहान का, याचं उत्तर मिळायला 1957 उजाडलं. रॉजर रेव्हेल आणि हान्स स्यूस यांचा त्या वर्षीचा निबंध आमच्या क्षेत्रात सगळे वाचतात. तोवर बऱ्याच जणांना वाटत होतं, की समुद्र एवढा अफाट, त्यात वातावरणाच्या चाळीसपटींहून जास्त कार्बन आधीच आहे, माणसाचा धूर तो सहज गिळेल. पण समुद्राच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड नुसता विरघळून बसत नाही. तो कार्बोनेटशी आणि पाण्याशी मिळून बायकार्बोनेट होतो, आणि त्यात कार्बोनेट खर्ची पडत जातं. कार्बोनेट मुळातच थोडं, एकूण कार्बनच्या दहा टक्क्यांच्या आतबाहेर. परिणाम असा, की हवेतला कार्बन डायऑक्साइड 10 टक्के वाढला तरी समतोलाला पाण्यातला एकूण कार्बन जेमतेम 1 टक्का वाढतो. आता हिशेब लावून पाहा. हवेत सध्या वर्षाला दशलक्षात सुमारे अडीच भाग वाढतात, म्हणजे 0.6 टक्के. त्याचा दहावा हिस्सा 0.06 टक्के. दोन हजारांचे 0.06 टक्के म्हणजे जवळपास सव्वा. गल्ल्यातला रुपया हा असा येतो. आणि कार्बोनेट जसजसं संपत जातं तसतशी समुद्राची घेण्याची ताकदही घटत जाते. औद्योगिक काळाआधी पृष्ठभागाचा पीएच सुमारे 8.2 होता, आता तो 8.1 च्या खाली उतरू लागला आहे. कागदावर एक दशांश, पण पीएचची मोजपट्टी घातांकाची, त्यामुळे हायड्रोजन आयन पाव हिश्शाहून अधिक वाढले.

हे झालं जगाचं. आपल्या दारातला समुद्र या सरासरीला जुमानत नाही, आणि व्याख्यानांत लोकांना सर्वात जास्त धक्का याच गोष्टीचा बसतो. अरबी समुद्र वर्षभराच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइड घेत नाही, देतो.

कारण आपला पाऊस. नैर्ऋत्य मोसमी वारे जून ते सप्टेंबर सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर घोंघावत जातात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर रेटलं जातं आणि त्याची जागा घ्यायला खालचं थंड पाणी वर येतं. ते पाणी खाली अंधारात असताना वरून पडणारा सेंद्रिय कचरा त्यात कुजत असतो, म्हणून ते कार्बननं गच्च भरलेलं असतं. वर आलं, तापलं, की सोडायला लागतं. 1994 ते 1997 च्या काळात इथे मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम झाली. आपलं सागर कन्या, अमेरिकेचं थॉम्पसन, जर्मनीचं मेटिओर, सगळी जहाजं वेगवेगळ्या ऋतूंत फिरली. 1995 च्या मोसमी वाऱ्यांत ओमानच्या किनाऱ्यापाशी पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब 600 मायक्रोॲटमॉस्फिअरच्याही (वातावरणाच्या दाबाच्या दशलक्षांशांच्या) पलीकडे भरला. हवेतला तेव्हा 360 च्या आसपास होता.

लोक लगेच विचारतात, मग आपला समुद्र प्रदूषण करतो की काय? नाही. हा देवघेवीचा जुना नैसर्गिक व्यवहार आहे, माणूस नव्हता तेव्हाही चालू होता. हवेत कार्बन वाढल्यामुळे त्या देण्यात उलट थोडी घट होते, म्हणजे माणसाचा कार्बन इथेही शिरतोच आहे, फक्त तो ‘कमी बाहेर आला’ या रूपात शिरतो. वर्षाला एक रुपया शोधायचा, आणि तोही अशा गल्ल्यात जिथे ऋतूनुसार पन्नास-पन्नासची उलाढाल होते. अरबी समुद्रावर काम करणाऱ्या माणसाला उत्तर अटलांटिकवाल्यांचा हेवा वाटतो तो उगाच नाही.

पण याच समुद्रानं मला एक दृश्य दिलं, जे मी दुसऱ्या कुठल्या समुद्राशी बदलणार नाही. ऑक्सिजन आम्ही अजूनही 1888 मधल्या विंकलरच्या पद्धतीनं मोजतो. लहान बाटलीत पाणी भरायचं, मँगनीजचं द्रावण आणि आयोडाइड-अल्कलीचं द्रावण घालायचं, बूच लावून गदागदा हलवायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. वरच्या थरातल्या बाटल्या चहासारख्या तपकिरी होतात. मग खोलीच्या क्रमानं पुढे जावं, शंभर मीटरला रंग फिका, दीडशेला पिवळट, आणि दोनशे मीटरची बाटली हलवली की साका पांढराशुभ्र. तीनशे पांढरी, पाचशे पांढरी, आठशे पांढरी. हजाराच्या खाली जाता जाता पुन्हा रंग यायला लागतो. मधे जवळजवळ एक किलोमीटर जाडीचा पाण्याचा थर असा, की त्यात माशानं घ्यावा इतका श्वास नाही. जगातल्या सर्वात जाड ऑक्सिजनहीन थरांपैकी हा एक. ‘माबाहिस’ नावाच्या इजिप्तच्या जहाजानं 1933-34 मध्येच अरबी समुद्रातल्या या गुदमरलेल्या पाण्याची नोंद केली होती. शेजारच्या टेबलावर नायट्राइटवाले असतात. त्यांच्या नळ्यांत त्याच खोलीवर भडक गुलाबी रंग चढतो, कारण तिथले जिवाणू ऑक्सिजन संपल्यावर नायट्रेटवर गुजराण करतात. रॅकमध्ये पांढऱ्या बाटल्या आणि गुलाबी नळ्या शेजारीशेजारी लागल्या, की आलेख काढायची गरजच उरत नाही. नवी पोरं पहिल्यांदा बघतात तेव्हा मोबाइल काढतात. काढू देते मी.

ही गोष्ट काही दूरच्या खोल समुद्रापुरती नाही. गोव्यात कांदोळीच्या समोर, जेमतेम पंचवीस-तीस मीटर पाण्यात, आमच्या संस्थेचं एक स्टेशन 1997 पासून चालू आहे. पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, तिथल्या तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि नमुन्याची बाटली उघडली की सडक्या अंड्याचा वास येतो, हायड्रोजन सल्फाइडचा. ऑक्सिजन संपवणारी कुजण्याची क्रियाच कार्बन डायऑक्साइड सोडते, त्यामुळे त्या पाण्याचा पीएचही उतरलेला असतो. किनाऱ्यावर त्याच वेळी शॅक उभारायची लगबग चाललेली असते.

जहाजांची गोष्ट सांगताना एक विचित्र खिंडार सांगायलाच हवं. जगातल्या महासागरांवर ठरलेल्या रेषा आहेत. साधारण दर दशकाला तीच रेषा, तीच स्टेशनं, पृष्ठभागापासून तळापर्यंत पुन्हा मोजतात. अशा रेषांच्या तुलनेतूनच कळलं, की 1994 ते 2007 मध्ये समुद्रानं माणसाचा सुमारे 34 अब्ज टन कार्बन आत घेतला, त्या काळातल्या उत्सर्जनाच्या 31 टक्के. पण पश्चिम हिंदी महासागरातून उत्तरेला अरबी समुद्रात येणारी रेषा 1995 नंतर कित्येक वर्षं कुणी मोजली नाही. सोमाली चाचे. संशोधन जहाज स्टेशनवर तासन्‌तास एका जागी उभं असतं, पाण्यात हजारो मीटर केबल सोडलेली, पळताही येत नाही. त्याहून सोपं सावज कोणतं? शेवटी 2018 मध्ये अमेरिकेचं रोनाल्ड एच. ब्राउन हे जहाज दरबानहून मोजत मोजत निघालं आणि गोव्याला येऊन लागलं. दोन मोजण्यांत तेवीस वर्षांचं अंतर. बंदुका घेतलेल्या माणसांमुळे पाण्याच्या रसायनशास्त्राच्या इतक्या नोंदी हुकाव्यात, हे कुठल्या पाठ्यपुस्तकात येत नाही.

हल्ली नवे लोक मला सांगतात, आता तरंगते यांत्रिक फ्लोट आहेत, ते स्वतःच दोन हजार मीटर खाली जातात, पीएच मोजतात, वर येऊन उपग्रहाला आकडे देतात, जहाजं कशाला? फ्लोट उत्तम आहेत. ज्या जुलैत आम्ही जात नाही त्या जुलैत ते असतात. पण त्यांचा सेन्सर हळूहळू सरकतो, आणि किती सरकला हे ठरवताना दीड हजार मीटर खोलीवरच्या आकड्याशी ताडून पाहतात. तो आकडा जहाजांवरून भरलेल्या बाटल्यांतूनच आलेला असतो.

याहून मला काळजी वाटते ती समुद्रात अल्कलीयुक्त भुकटी टाकून कार्बन शोषून देण्याचं वचन देणाऱ्या कंपन्यांची. रसायनशास्त्र म्हणून कल्पना चुकीची नाही, अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवायची पाण्याची ताकद, वाढली की पाणी जास्त कार्बन धरतं. पण हे लोक टनाच्या भावानं क्रेडिट, म्हणजे शोषलेल्या कार्बनच्या पावत्या, विकायला निघालेत. भुकटी टाकल्यावर ती पसरते, पातळ होते, आणि वाढ एक-दोन मायक्रोमोलच्या आत गडप होते. पावतीवर टनांचा आकडा तीन दशांश स्थळांपर्यंत छापलेला असतो. मी एका सादरीकरणाला बसले होते, तिथे विचारलं, की तुमच्या नमुन्यांमध्ये तुम्ही डिक्सन यांच्या संदर्भाच्या किती बाटल्या मोजल्या, कुठल्या बॅचच्या. समोरच्या सुटातल्या मुलानं स्लाइड पुढे सरकवली.

आमचीही बाजू काही धुतल्या तांदळासारखी नाही. अरबी समुद्र ज्या ऋतूत सर्वात जास्त कार्बन सोडतो, जून ते ऑगस्ट, त्याच ऋतूत त्याच्यावर सर्वात कमी मोजण्या होतात. तेव्हा जहाज नेणं महाग पडतं, लाटा रोझेट डेकवर आदळतात, अर्धी स्टेशनं रद्द होतात, निम्मी माणसं बिछान्याला खिळतात आणि उरलेली कोरडी बिस्किटं चघळत बाटल्या भरतात. म्हणून बहुतेक क्रूझ डिसेंबर-फेब्रुवारीत ठरतात, जेव्हा समुद्र शांत असतो. दर वर्षी नियोजनाच्या बैठकीत मी जुलै मागते. तेच अक्षांश, तीच स्टेशनं, निदान सलग पाच वर्षं. समितीतले लोक मान डोलावतात, मग कुणीतरी विम्याचा विषय काढतं. या वर्षीच्या अर्जात मी स्टेशनांची संख्या निम्मी केली आहे आणि महिना तोच ठेवला आहे.